वानखेडेवरची ती निळ्या टी-शर्टातली मुलं कोण? संघाचं फाउंडेशन कसं काम करतं आणि आपल्या गावच्या शाळेला वाट कुठून?

आयपीएलच्या हंगामात एका रविवारी टीव्हीवर वेगळंच दृश्य दिसतं. मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्ये स्टँडच्या स्टँड निळ्या टी-शर्टातल्या शाळकरी मुलांनी भरलेले असतात. मग गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रश्न येतातच. ही मुलं कोण? यांना तिकीट कोणी दिलं? आपल्या शाळेच्या पोरांना असं काही मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असू शकतं. पण त्यासाठी हे काम आतून कसं चालतं ते समजून घ्यायला हवं.

हा उपक्रम नेमका काय आहे?

मुंबई इंडियन्स हा रिलायन्स समूहाच्या मालकीचा संघ. रिलायन्स फाउंडेशन ही त्याच समूहाची समाजकार्य करणारी संस्था. गिरगावातलं जुनं हरकिसनदास रुग्णालय अनेकांना माहीत असेल. ते २०१४ मध्ये नव्या रूपात सुरू झालं, ते याच फाउंडेशनच्या नावाने.

'सर्वांसाठी शिक्षण आणि क्रीडा' हा उपक्रम २०१० पासून सुरू आहे. त्यात दर हंगामात वानखेडेवरचा एक सामना गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी राखला जातो. कोरोनाच्या काळात खंड पडला, नंतर तो पुन्हा सुरू झाला.

१६ एप्रिल २०२३ चा कोलकात्याविरुद्धचा सामना अनेकांना आठवत असेल, कारण अर्जुन तेंडुलकर त्या दिवशी पहिल्यांदा आयपीएल खेळला. तो सामना मुलींसाठी होता. वेगवेगळ्या ३६ संस्थांमधून सुमारे १९ हजार मुली आल्या होत्या. मुंबईच्या पुरुष संघाने त्या दिवशी महिला संघाची जर्सी घातली होती. तीनच आठवड्यांपूर्वी हरमनप्रीत कौरच्या संघाने महिलांची पहिली प्रीमियर लीग जिंकली होती.

वानखेडेची क्षमता साधारण ३३ हजार. म्हणजे त्या दिवशी अर्ध्याहून जास्त स्टेडियम मुलींचं होतं. एवढी मुलं ५० आसनांच्या बसने आणायची म्हटली तर जवळपास ३८० बस लागतात. त्यात जेवण, पाणी, शौचालय, उन्हाची काळजी आणि रात्री प्रत्येक मूल सुखरूप घरी पोहोचवणं. हे काही चार माणसांचं काम नाही.

मुलं निवडतं कोण?

इथेच खरी मेख आहे. संघ किंवा फाउंडेशन घरोघरी जाऊन मुलं शोधत नाही. मुलं येतात ती संस्थांमार्फत. त्या संस्था वस्तीत आधीपासून काम करत असतात. त्यांच्याकडे मुलांची नावं असतात, पालकांची परवानगी असते आणि मुलांना ओळखणारे कार्यकर्ते असतात.

म्हणून 'माझ्या मुलाला सामना दाखवा' असा एखाद्या पालकाने मेल केला तर त्याचं पुढे काही होण्याची शक्यता फारच कमी. तेच पन्नास मुलांची नीट नोंद असलेली संस्था विचारायला गेली तर निदान बोलणं तरी सुरू होतं.

एका दिवसाने काय होतं?

हा प्रश्न रास्त आहे. सामना संपला, टी-शर्ट घरी आला, दुसऱ्या दिवशी परत तीच वस्ती आणि तीच शाळा. मूल तो दिवस जन्मभर विसरणार नाही, हे खरं. पण एका दिवसाने शाळा सुटायची थांबत नाही आणि खेळाडूही घडत नाही. त्यासाठी वर्षभराचं काम लागतं.

कुलाब्याच्या आंबेडकर नगर वस्तीत ऑस्कर फाउंडेशन नावाची संस्था फुटबॉल शिकवते. याच वस्तीत वाढलेल्या अशोक राठोड यांनी २००६ मध्ये मूठभर मुलं घेऊन सुरुवात केली. अट एकच होती. शाळेत जाणार असशील तरच फुटबॉल खेळायला मिळेल. खेळाची ओढ वापरून मुलं शाळेत टिकवायची, एवढी साधी कल्पना.

दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर तर १९२५ पासून चालू आहे. तिथले मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी वाढली तीही अशीच, गल्लीतल्या मंडळांच्या जोरावर. दिवसभर गिरणीत राबायचं आणि संध्याकाळी मैदानात उतरायचं. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा-काका त्यात होते.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. रोज मैदानावर येणारा माणूस. पैसा कंपनीचा असो की वर्गणीचा, तो माणूस नसेल तर काही उभं राहत नाही.

मोठी फाउंडेशनंही आता वर्षभराच्या कामाकडे वळली आहेत. रिलायन्स फाउंडेशनची नवी मुंबईत फुटबॉलची निवासी अकादमी आहे. ती २०१५ मध्ये सुरू झाली. देशभरातून निवडलेल्या मुलांना तिथे शिष्यवृत्तीवर राहणं, शाळा आणि सराव मिळतो.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली कोणतीही एक मर्यादा गाठली की कंपनी या नियमात येते.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. या खर्चासाठी मान्य कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळही त्यात आहेत. पण कंपनीने स्वतःच्या जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. त्यामुळे 'तुमचा बॅनर लावतो, स्पर्धेला पैसे द्या' असं न सांगता 'मुलांना वर्षभर शिकवायचं आहे' असं सांगा.

दुसरं म्हणजे, कंपनी जिथे काम करते त्या भागाला तिने प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. म्हणून मुंबईकडे डोळे लावण्याआधी आपल्या जवळच्या एमआयडीसीत कोणती मोठी कंपनी आहे ते पाहा.

गावाने काय करायचं?

१. आधी संस्था बघा. सीएसआरचा निधी घेणारा ट्रस्ट किंवा सोसायटी नोंदणीकृत हवी. तिच्याकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, शिवाय सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला नंबर हवा. अशा संस्थेचा साधारण तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही बघितला जातो.

२. गावात अशी संस्था नसेल तर लगेच नवीन काढायला धावू नका. तालुक्यात किंवा जिल्ह्यात आधीच काम करणारी संस्था शोधा. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा आणि त्या संस्थेबरोबर प्रस्ताव द्या.

३. नोंद ठेवा. किती मुलं-मुली रोज खेळतात, कोण शिकवतं, मैदान कोणाच्या नावावर आहे. हजेरीची साधी वहीसुद्धा प्रस्तावात वजन टाकते.

४. मागणी छोटी आणि ठोस ठेवा. 'क्रीडासंकुल द्या' पेक्षा 'कबड्डीच्या मॅट आणि एका प्रशिक्षकाचं वर्षाचं मानधन' ही मागणी लवकर समजते.

५. कंपनीच्या वेबसाइटवर सीएसआर समितीची आणि मंजूर प्रकल्पांची माहिती असते. मागे कुठल्या कामाला पैसे दिले ते वाचूनच अर्ज करा.

६. तालुका क्रीडा अधिकाऱ्यांनाही भेटा. क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासाच्या सरकारी योजना तिथे कळतात.

मेसेज आला तर सावध

'मुंबई इंडियन्सची निवड चाचणी, फी भरा' किंवा 'फाउंडेशनतर्फे मोफत किट, लिंकवर क्लिक करा' असा मेसेज आला तर आधी अधिकृत वेबसाइटवर खात्री करा. कोणाच्या खासगी खात्यावर पैसे पाठवू नका. ओटीपी आणि मुलांचं आधार कार्ड तर अजिबात देऊ नका.

मोठ्या संघाचं नाव मदतीला आलं तर चांगलंच आहे. पण मैदान, हजेरीची वही आणि रोज शिट्टी वाजवणारा सर, एवढं आपल्याकडे आधी हवं. ते असेल तर विचारायला जाताना हातात काहीतरी दाखवण्यासारखं असतं.