फिरती काठी : वऱ्हाडी आखाड्यातली लाठी आणि बनेटी

लाठी फिरवणे हा मर्दानी खेळांतला एक मुख्य प्रकार आहे. त्यात समोर प्रतिस्पर्धी असलाच पाहिजे असे नाही. एकटा खेळाडू काठी डोक्यावरून, कमरेभोवतून, पाठीमागून आणि पायांखालून न थांबता फिरवतो, या हातातून त्या हातात घेतो, मध्येच उडवून झेलतो. बनेटीत काठीच्या दोन्ही टोकांना लाकडी किंवा चिंध्यांचे गोळे बसवलेले असतात. बुलढाणा जिल्ह्यासह सगळ्या वऱ्हाडात आणि उर्वरित महाराष्ट्रात हे खेळ आखाडा, व्यायामशाळा आणि मिरवणूक या तीन ठिकाणी टिकून राहिले.

काठीसाठी मानवेल बांबू पसंत करतात. मेळघाट आणि विदर्भातल्या कोरड्या जंगलांत तो भरपूर वाढतो. त्याच्या भिंती जाड असतात, काही वेळा तो जवळजवळ भरीवच निघतो. त्यामुळे आघाताने सहज चिरत नाही. कापलेला बांबू सावलीत वाळवतात, पेरांवरच्या गाठी तासून गुळगुळीत करतात, वाकडा भाग शेकून सरळ करतात आणि शेवटी तेल पाजतात. टोक फुटू नये म्हणून त्याला धातूची शेंबीही बसवता येते. काठीची लांबी ठरते ती खेळणाऱ्याच्या उंचीवरून. कानापर्यंत पोहोचणारी काठी शिकायला सोयीची. त्याहून लांब काठी जमिनीला अडते, आखूड काठीला फेर येत नाही.

काठीच्या खेळाचे सारे गणित तिच्या तोलाच्या बिंदूवर उभे आहे. बांबू बुडाकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असल्याने हा बिंदू बरोबर मध्यावर नसून किंचित बुडाकडे सरकलेला असतो. काठी बोटावर आडवी ठेवली की तो सापडतो. मूठ तिथे बसली तर काठी कमी जोरात फिरते. एकसारख्या जाडीची काठी टोकाला धरून फिरवली, तर तिचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवण्याला होणारा विरोध, मध्यावर धरल्याच्या चौपट होते. म्हणून फिरवण्यासाठी पकड मध्याजवळ आणि वार करण्यासाठी टोकाकडे ठेवली जाते. बनेटीत वजन मुद्दाम टोकांना नेलेले असते. दांड्याचे वजन नगण्य धरले, तर तेवढ्याच वजनाच्या आणि लांबीच्या साध्या काठीपेक्षा तिचे जडत्व आघूर्ण तिप्पट भरते. ती वेग घ्यायला वेळ लावते, पण एकदा फिरू लागली की फेर एकसारखा राहतो आणि थांबवायला तितकाच जोर लागतो.

एका हाताने काठी सतत एकाच बाजूला फिरवता येत नाही, कारण मनगट आणि कोपराखालचा हात मिळून पूर्ण वर्तुळ होत नाही. यावर आखाड्याने काढलेला उपाय म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फेर. काठी एकदा शरीराच्या उजव्या अंगाने आणि एकदा डाव्या अंगाने उतरते. तळहात आळीपाळीने वर आणि खाली होतो आणि पीळ आपोआप सुटतो. दुसरा उपाय हात बदलण्याचा : काठी पाठीमागे जाताना दुसरा हात तिथे आधीच तयार असतो.

शिकवणी पायांपासून सुरू होते. वस्ताद आधी पवित्रा घालून देतो, म्हणजे कुठला पाय पुढे, वजन कशावर आणि वळायचे कसे. मग उजव्या हाताचे फेर, नंतर डाव्याचे, त्यानंतर हातबदल. हे पक्के झाल्यावरच पाठीमागचा फेर, पायाखालचा फेर आणि दोन काठ्या येतात. पुढे जोडीने खेळताना शीर, तमाचा, बाहेरा असे वार आणि त्यांची अडवणूक शिकवली जाते.

उडवून झेलणे हा सगळ्यांत उठून दिसणारा भाग. हवेत सुटलेल्या काठीचा तोलबिंदू फेकलेल्या दगडाच्याच वाटेने जातो आणि काठी त्याच्याभोवती फिरत राहते. हा बिंदू हातापासून सव्वा मीटर वर गेला, तर परत यायला सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात काठीचे पुरे दोन फेर झाले, तर ती सुटली त्याच स्थितीत हाती येते. सव्वादोन झाले, तर आडवी सुटलेली काठी उभी येते आणि झेल चुकतो. म्हणून कसलेला खेळाडू उंची आणि फिरकी दोन्ही ठरवूनच काठी सोडतो. जगभरच्या जगलरांच्या एका प्रकारात हातातल्या दोन काड्यांनी टोले देत तिसरी काठी अधांतरी ठेवतात. तिथेही टोला तोलबिंदूपासून किती दूर बसतो, यावर फिरकी ठरते.

रात्रीच्या खेळात बनेटीचे गोळे तेलात भिजवून पेटवतात. जळते टोक इतक्या वेगाने फिरते की डोळ्याला तुटक ठिपक्यांऐवजी अखंड कडे दिसते. सैल कपडे टाळणे, प्रेक्षकांना लांब ठेवणे आणि ओले पोते हाताशी असणे ही या खेळाची किमान काळजी आहे.

विदर्भात अशा खेळांना संस्थेचे रूप मिळाले ते अमरावतीत. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आखाड्यातून वाढले आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे मोठे केंद्र झाले. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आणि १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड या व्यायाम महोत्सवात भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. लेखी नोंदीचे मोठे काम बडोद्यात झाले. तिथे द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने देशी व्यायामप्रकार खंडवार मांडले.

आज लाठीची पथके शिवजयंती आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत दिसतात, तर मुलींच्या स्वसंरक्षण वर्गांत काठीचे मूलभूत हात शिकवले जातात. २०२२ च्या जूनमध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांब आणि पंजाबचा गतका यांना स्थान मिळाले. गतक्यात समोरासमोरच्या लढतीत लागलेले वार मोजून गुण देता येतात. एकट्याने फिरवलेल्या काठीचे मोजमाप मात्र वेग, हातबदल, झेल आणि पवित्र्याची शुद्धता यांवरच करावे लागते.