भेटी किती, मागणी किती?

रत्नागिरी-देवगडचा हापूस वेबसाइटवरून विकणारा बागायतदार ‘भेटी वाढल्या’ म्हणून खूश होतो. पण नुसत्या भेटींनी पेटी खपत नाही. गूगल अ‍ॅनालिटिक्स 10 सेकंदांहून जास्त रेंगाळलेली, दोन पाने पाहिलेली किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली कृती झालेली भेट वेगळी मोजते. पाहायचा तो हा आकडा, आणि तोही माध्यमवार. इन्स्टाग्रामवरून शेकडो येऊन दरपत्रक कोणीच उघडत नसेल, तर पैसा तिथे कशाला ओतायचा? मागणी तर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, ती यात दिसत नाही, हा आक्षेप खरा. पण वेबसाइटवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बटणावरचे क्लिक मोजता येतात. जाहिरातीच्या लिंकला यूटीएम खूण जोडली की गिऱ्हाईक कुठून आले तेही बहुधा कळते. हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असला, तरी चार दिवसांच्या आकड्यांवरून जाहिरात बंद करू नका. गेल्या वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी ताडून पाहा.