शस्त्राविना इलाज : पाठ आणि मान यांच्या दुखण्याचा आढावा

पाठीत उसण भरलेल्या माणसाला पालथे निजवून पायाळू जन्मलेल्या व्यक्तीकडून त्याच्या पाठीला पाय लावून घेण्याचा प्रघात महाराष्ट्रातील खेड्यांतून अजून पुरता लोपलेला नाही. आणि ज्याला असा पाय लागला तो काही दिवसांत बहुधा हिंडूफिरू लागतो, हेही खोटे नव्हे. सुशिक्षित मनुष्य या प्रकाराची थट्टा करतो, परंतु ती करताना एक अवघड प्रश्न टाळतो. त्याच दुखण्यासाठी शहरात जे विजेचे शेक, कंबरेचा पट्टा आणि दोन वेळच्या गोळ्या घेऊन बरे झाले, त्यांना तरी नेमके कोणी बरे केले? अकस्मात उद्भवलेली साधी कंबरदुखी बहुसंख्य रुग्णांत सहा आठवड्यांच्या आत आपोआप पुष्कळशी ओसरते. मनुष्य वैद्याची पायरी चढतो तो वेदना अगदी शिगेला पोचल्यावर, आणि तेथून तिला बहुधा उतरणेच भाग असते. त्यामुळे त्या मुदतीत जो कोणी हजर असेल, मग तो हाडवैद्य असो, मालिशवाला असो वा पदवीधर तज्ज्ञ असो, त्याच्या खाती यशाची रक्कम जमा होते. पाठीच्या इलाजांची छाननी करू पाहणाराने निसर्गाची ही वजावट आधी करून घेतली पाहिजे.

या दुखण्याचा आधुनिक इतिहास १९३४ पासून मोजण्याची रीत आहे. त्या साली बॉस्टनचे मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी असे दाखवून दिले की, दोन मणक्यांमधील गादी फाटून तिचा गाभा मागे मज्जारज्जूच्या पोकळीत घुसतो आणि कंबरेतून पायात उतरणारी जीवघेणी कळ त्यापायी उठते. शोध खरा होता. अनर्थ झाला तो त्याच्या विस्ताराने. पायात उतरणाऱ्या कळेचे जे कारण, तेच प्रत्येक पाठदुखीचे कारण मानले जाऊ लागले, आणि गादी हीच अपराधी ठरवून तिच्यावर पुढील अर्धशतक सरसकट फिर्याद चालली. चुंबकीय प्रतिमांचे यंत्र आल्यावर तर पुरावा डोळ्यांना दिसू लागला. परंतु १९९४ मध्ये अमेरिकेत पाठीची काहीही तक्रार नसलेल्या ९८ माणसांच्या प्रतिमा काढल्या, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या गाद्या एका तरी ठिकाणी फुगलेल्या आढळल्या. म्हणजे जे चित्र पाहून दवाखान्यात ‘मणक्यात गॅप आली’ असा निकाल ऐकविला जातो आणि ऐकणारा त्या दिवसापासून वाकणे, उचलणे, जमिनीवर बसणे सोडून देतो, ते चित्र अनेकदा पिकल्या केसांइतकेच निरुपद्रवी असते. धोक्याचे लक्षण नसताना पहिल्या काही आठवड्यांत प्रतिमा काढूच नये, अशी शिफारस आज सर्वत्र आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त मोडली जाणारी शिफारसही हीच असावी.

गादी दोषी ठरल्यावर तिला विसावा द्यावा हे ओघानेच आले, आणि ‘तीन आठवडे फळीवर पडून राहा’ हे फर्मान दोन पिढ्यांनी निमूटपणे पाळले. त्याची एक गाजलेली तपासणी १९८६ मध्ये डेयो या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवसांची विश्रांती सांगितली, काहींना सात दिवसांची. वेदनेच्या बाबतीत दोहोंत फरक निघाला नाही, फक्त दोन दिवसवाले कामावरील ४५ टक्के कमी दिवसांना मुकले. पुढे १९९५ मध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या नोकरांवर झालेल्या प्रयोगात तर विश्रांती घेणारे आणि ठरावीक व्यायाम करणारे या दोघांच्याही पुढे ते गेले, ज्यांना केवळ इतकेच सांगितले होते की सोसवेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. फळीचीही तीच कथा. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांना मध्यम घट्ट आणि कडक अशा दोन प्रकारच्या बिछान्याच्या गाद्या वाटून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो मध्यम घट्ट गादीच्या बाजूने. शरीराला क्लेश झाल्याखेरीज औषध लागू पडत नाही या आपल्या श्रद्धेला हा मोठाच धक्का म्हणावयाचा.

विश्रांती बरखास्त झाल्यावर तिच्या जागी हालचाल रुजू झाली. परंतु कोणती हालचाल, यावर पंथ पुष्कळ आहेत. न्यूझीलंडमधील रॉबिन मॅकेन्झी या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या वेलिंग्टन येथील दवाखान्यात १९५६ मध्ये घडलेला प्रकार या शास्त्रात दंतकथेसारखा सांगितला जातो, तथापि तो खुद्द त्यांनीच नमूद केलेला आहे. पायाच्या कळेने हैराण झालेला एक रुग्ण, आधीच्या रुग्णासाठी डोक्याकडची बाजू उंच करून ठेवलेल्या बाकावर तसाच पालथा पडून राहिला. कंबर मागे पुरती वाकलेली, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे सर्वांत वर्ज्य स्थिती. आणि काही मिनिटांनी मॅकेन्झी आत येऊन पाहतात तो पायातील कळ नाहीशी झालेली. कळ पायातून कंबरेकडे मागे सरकू लागली की मार्ग बरोबर, आणि ती पायात अधिक खाली उतरू लागली की तो व्यायाम तात्काळ थांबवावा, हा त्यांनी पुढे बसविलेला नियम रुग्णाला स्वतःच्या हाताने वापरता येतो, यातच त्याची थोरवी आहे. हे पालथे पडून छाती उचलणे आपल्याकडील भुजंगासनाशी किती जुळते हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच. मात्र त्यावरून ‘सर्व काही आमच्या पूर्वजांना ठाऊक होते’ अशी आरोळी ठोकण्याची गरज नाही.

आपल्याकडे योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीस लावण्याचा उपक्रम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आरंभिला, आणि पुण्यास बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या यांच्या आधाराने ताठरलेल्या देहालाही आसनात बसविण्याची जी हिकमत काढली, ती पाठीच्या रुग्णांना विशेष मानवली. बॉस्टनमधील ३२० रुग्णांवर, ज्यांत बहुसंख्य अल्प उत्पन्नाचे होते, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात योगवर्ग हा भौतिकोपचारापेक्षा कमी ठरला नाही. ‘कमी ठरला नाही’ याचा अर्थ ‘सरस ठरला’ असा नव्हे, इतके पथ्य आपल्या वर्तमानपत्रांनी पाळले असते तर बरे झाले असते. खरे पाहता व्यायामाच्या एका पंथाने दुसऱ्याला निर्विवाद जिंकल्याचा दाखला मिळत नाही. जो व्यायाम माणूस वर्षभर सोडत नाही तो चांगला. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, थोडे मार्गदर्शन घेऊन हळूहळू वाढवीत नेलेल्या नुसत्या चालण्याने दुखणे पुन्हा उलटण्याचा मध्यक अवधी ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. चालण्याला दलाली मिळत नाही, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

हाताने केल्या जाणाऱ्या इलाजांची परंपरा निराळी. अमेरिकेत अँड्र्यू स्टिल यांनी १८७४ मध्ये आणि डॅनिएल पामर यांनी १८९५ मध्ये मणके बसविण्याच्या ज्या दोन विद्या काढल्या, त्यांचे मूळ दावे सर्व रोगांना वेढणारे होते. पामर यांचा पहिला रुग्ण तर चक्क बहिरेपणाचा होता. ते दावे गळून पडले, परंतु जुनाट कंबरदुखीपुरते कुशल हाताने केलेले मणक्यांचे चालन आणि मर्दन यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत स्थान दिले आहे, अर्थात व्यायाम आणि समजूत यांच्या जोडीला. मानेचा मामला मात्र नाजूक आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात, आणि मानेला दिलेल्या जोराच्या झटक्यानंतर त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळा का होईना, वैद्यकाच्या दफ्तरी आहेत. केशकर्तनालयात चंपीनंतर मान दोन्ही बाजूंना ‘कडाकड मोडून’ घेण्याची आपली हौस या दृष्टीने पुनर्विचारास पात्र आहे. विशेषतः २०१२ च्या एका अमेरिकी प्रयोगात, मानेच्या मणक्यांवर हात चालवून घेणारे आणि दोन बैठकांत शिकलेला व्यायाम घरी करणारे यांच्यात म्हणण्यासारखे अंतर उरले नाही, हे कळल्यावर तो झटका घ्यावा कशाला?

शेकाची गोष्ट सांगावयाची तर ती साधी आहे: ऊब बरी वाटते, स्नायू सैलावतात, थोडे दिवस उपयोग होतो. आयुर्वेदाला ही ऊब जुनीच ओळखीची. चरकाने चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात गृध्रसीचे, म्हणजे पायात उतरणाऱ्या याच कळेचे, वर्णन करताना नितंबापासून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल असा वेदनेचा क्रमाक्रमाने जाणारा मार्ग नोंदविला आहे. निरीक्षण इतके अचूक की आजच्या टिपणवहीत ते तसेच उतरविता येईल. अभ्यंग, स्वेदन, बस्ती यांची योजना त्याच परंपरेतील. कटिबस्तीत कंबरेवर उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल धरून ठेवतात. रुग्णाला सुख होते यात संशय नाही, पण ते तेल मुरून गादीपर्यंत पोचते हे म्हणणे मान्य करणे कठीण. वजन लावून कंबर ताणणे आणि कायमचा पट्टा यांविरुद्ध २०२३ च्या त्याच मार्गदर्शिकेने स्पष्ट कौल दिला आहे. सुयांचा चिनी इलाज जर्मनीत ११६२ रुग्णांवर तपासला, तेव्हा शास्त्रोक्त बिंदूंवर टोचलेल्या ४७.६ टक्क्यांना आणि भलतीकडेच वरवर टोचलेल्या ४४.२ टक्क्यांना गुण आला. रूढ उपचार घेणाऱ्यांत तो २७.४ टक्के होता. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

औषधांच्या बाजूला तर निराशाच अधिक. पॅरासिटामॉल आणि नुसती साखरेची गोळी यांत ताज्या कंबरदुखीपुरता फरक नसल्याचे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसले. अफूवर्गीय औषधांची २०२३ मध्ये तीच गत झाली. दाहशामक गोळ्या किंचित सरस, परंतु जठर आणि मूत्रपिंड यांच्या खर्चाने. पायाच्या कळेसाठी मणक्यात देतात ते स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवड्यांची सवलत मिळवून देते, आणि कधी कधी तेवढीच हवी असते. कारण बाहेर आलेला गादीचा भाग, विशेषतः मोठा, शरीरातील पेशी हळूहळू गिळून टाकतात. हॉलंडमधील २८३ रुग्णांच्या प्रयोगात (२००७) लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला खरा, पण वर्षअखेर दोन्ही बाजूंचे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र अखेर शस्त्रक्रिया घ्यावी लागली, हेही दडवून ठेवता कामा नये. लघवी अडणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातील बळ झपाट्याने जाणे, ही लक्षणे दिसताच हा सारा आढावा बाजूस ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ताप, वजन घटणे आणि रात्री न थांबणारी वेदना यांचा अर्थ आपल्या देशात पुष्कळदा मणक्याचा क्षय असा निघतो. येथेही विश्रांतीचे सिंहासन डळमळले, हे फारसे कोणी सांगत नाही. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने कोरियात, मासान येथे काही क्षयरुग्णांना सहा महिने रुग्णालयात निजवून ठेवले व काहींना औषधे देऊन हिंडते ठेवले. पुसान येथे काहींना नऊ महिने प्लास्टरचे चिलखत घातले व काहींना मोकळे ठेवले. ज्या मणक्यांना रोगाने प्रत्यक्ष कुरतडले होते, त्यांनाही बिछान्याचा किंवा प्लास्टरचा अधिक लाभ झाला नाही. बनारसच्या डॉ. तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘मध्यम मार्ग’ याच दिशेचा: औषधे सर्वांना, शस्त्र फक्त ज्यांना त्यावाचून गत्यंतर नाही त्यांना.

उरला प्रश्न मनाचा आणि मजुरीचा. बोइंग विमान कारखान्यातील ३०२० कामगारांचा जो अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांना आपले काम क्वचितच आवडे त्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार, काम जवळजवळ नेहमीच आवडणाऱ्यांच्या अडीच पटीने नोंदविली. दुखणे खोटे होते असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. वेदना खरीच असते, परंतु भीती आणि उद्वेग तिला मुक्कामास ठेवून घेतात, आणि म्हणून विचारांना वळण देणारी मानसोपचाराची पद्धतही आज इलाजांच्या यादीत आहे. तथापि ही सारी शास्त्रे खुर्चीत बसणाऱ्या माणसाला समोर ठेवून रचलेली दिसतात. कोकणात भातलावणीला दिवसभर कंबरेत वाकणाऱ्या बाईला, अथवा डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या तोडकऱ्याला ‘हालचाल करीत राहा’ असे सांगणारा वैद्य हास्यास्पद ठरेल. तिथे इलाज कामाच्या वाटणीत आहे: चार दिवस मोळी न उचलता नुसते वाढे बांधणे, ओझे निम्मे करणे, जोडीदाराशी पाळी बदलणे. डॉक्टर हे चिठ्ठीवर लिहून देऊ शकतो. पण जोवर आगाऊ उचल घेऊन आलेल्या कोयत्याचा, म्हणजे तोडकरी जोडप्याचा, एक दिवस बुडाला की मुकादम खाडा, म्हणजे दंड, लावतो, आणि त्या खाड्याची रक्कम दिवसाच्या मजुरीहून जास्त असते, तोवर चिठ्ठी कोपीतच राहते.