जांभ्यातले व्हॅनेडियम आणि वाघोलीचा निळा स्फटिक

कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडच्या सड्यावर जो कोणी एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस चढून गेला असेल, त्याला तेथील तांबूस, सच्छिद्र आणि पावलागणिक खरखरणाऱ्या भूमीचे स्मरण निराळे करून द्यावयास नको. सह्याद्रीच्या काळ्या फत्तराची लक्षावधी वर्षे ऊन-पावसात झीज होऊन, त्यातील सिलिका, चुना आणि सोडा वाहून जाऊन, मागे लोह व ॲल्युमिनियम यांचा जो अवशेष उरला त्यालाच आपण जांभा म्हणतो. आणि जेथे त्यात लोहापेक्षा ॲल्युमिनियमचे पारडे जड झाले, तेथे त्यास बॉक्साइट हे नाव मिळून त्याचे ट्रक बेळगावच्या कारखान्याकडे रवाना होऊ लागले. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांच्या महसुली दप्तरात या मातीची नोंद आहे ती ॲल्युमिनियमच्या नावाने. परंतु त्याच मातीत आणखी एक धातू अत्यल्प प्रमाणात दडून बसलेला असतो, आणि बॉक्साइट दाहक सोड्याच्या ऊन द्रावणात विरघळविले असता तोही बरोबरीने विरघळतो व पुढे गाळाच्या रूपाने वेगळा काढता येतो. हा धातू म्हणजे व्हॅनेडियम. पोलादास चिवटपणा आणणारा म्हणून कारखानदार त्यास ओळखतात. सामान्य वाचकाचा त्याच्याशी सहसा परिचय नसतो.

हेच व्हॅनेडियम कोल्हापुरापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, पुणे-नगर रस्त्यावरील वाघोलीच्या दगडाच्या खाणींत, अगदी निराळ्या वेषात प्रकट झाले. तेथे ते मातीत विरून न जाता गर्द निळ्या स्फटिकांच्या गुच्छांत बद्ध झाले, आणि त्या गुच्छांनी जगातील खनिजसंग्राहकांची झोप उडविली. एकाच लाव्हाच्या मुलखातील एकाच मूलद्रव्याची ही दोन रूपे इतकी परस्परभिन्न का व्हावीत, आणि शास्त्रज्ञ अशा खनिजांची जातवारी कशी लावतात, हा या लेखाचा विषय आहे. आणि तो नीट समजण्यासाठी टेल्युरेट नामक, महाराष्ट्रात न आढळणाऱ्या, अतिदुर्मीळ खनिजांकडेही शेवटी वळावे लागणार आहे.

आधी प्रमाणाचा विचार करू. बेसाल्टच्या दर दहा लाख भागांत व्हॅनेडियमचे भाग साधारणतः दोन-तीनशे असतात; मॉलिब्डेनम जेमतेम एक-दीड भाग; आणि भूकवचातील टेल्युरियमचा हिशेब करू गेल्यास तो एका भागाच्याही सहस्रांशाच्या आसपास येतो, म्हणजे प्लॅटिनमच्या पंक्तीला बसण्याइतका तो विरळ आहे. तथापि निव्वळ प्रमाणावरून खनिजाची दुर्मीळता ठरविता येत नाही. कोल्हापूरच्या जांभ्यात व्हॅनेडियम आहे; परंतु ते इतके विखुरलेले आहे की डोळ्यांना त्याचा मागमूस लागत नाही. मूलद्रव्य एके ठिकाणी गोळा व्हावे, त्यास पाण्याची साथ मिळावी, बसावयास रिकामी जागा मिळावी आणि ऑक्सिजनाचा पुरवठा नेमक्या मर्यादेत राहावा, हे सारे योग जुळून आले तरच स्फटिक जन्मास येतो.

रिकाम्या जागेची वाण दख्खनच्या पठारास कधीच नव्हती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जे लाव्हाचे थर येथे एकावर एक पसरले, त्यांतून बाहेर पडू पाहणारे वायू थिजत्या दगडातच अडकले आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे ऊन पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत गेले, त्याने भोवतालच्या दगडाचे घटक विरघळवून आणले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर अकीक, गारगोटी, कॅल्साइट आणि झिओलाइट-कुळातील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी खनिजे रुजू केली. ही संपत्ती आपल्या पूर्वजांना अगदीच अनोळखी होती असे नाही. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व दीक्षित यांनी जे उत्खनन केले, त्यात दगडी मणीही हाती आले. आणि अकीकाच्या जातीचा कच्चा माल म्हणजे याच लाव्हाच्या पोकळ्यांतील देणगी होय. आधुनिक काळात मात्र या स्फटिकांची वार्ता विलायतेस पोचली ती बोरघाटात आगगाडीचा मार्ग खोदला गेला तेव्हा. सुरुंगाने फुटलेल्या दगडातून निघालेले गुच्छ साहेबांनी उचलले, पेट्यांत भरले आणि परदेशच्या संग्रहालयांत दाखल केले. या व्यवहारात दगड फोडणाऱ्या मजुराचे नाव कोठे नोंदले गेल्याचे दिसत नाही, यात नवल ते काय!

आता वाघोलीच्या निळ्या खनिजाकडे येऊ. त्याचे नाव कॅव्हान्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव जुळविलेले आहे आणि, स्पष्टच सांगावयाचे तर, त्यात कोणतेही काव्य नाही. प्रथम ते अमेरिकेच्या ओरेगन संस्थानात, ओवायही धरणाजवळ व गोबल या गावी सापडले आणि १९७३ साली स्टेपल्स, एव्हान्स व लिंडसे या तिघांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा त्याचे कण इतके किरकोळ होते की संग्राहकांनी त्याकडे विशेष लक्ष देण्याचे कारण नव्हते. १९८८ च्या सुमारास वाघोलीच्या खाणींतून त्याचे भरघोस नमुने निघू लागले तेव्हा चित्र पालटले. शास्त्राच्या रिवाजानुसार आद्यस्थानाचा मान ओरेगनकडेच राहिला आणि तो तसाच राहील. परंतु जगातील कोणत्याही नावाजलेल्या संग्रहालयात आज कॅव्हान्साइटचा उत्तम नमुना पाहावयास मिळाला, तर त्याचा जन्म वाघोलीचा असण्याची शक्यता फार मोठी आहे.

हे स्फटिक समचतुर्भुजी संहतीचे असून सुयांप्रमाणे बारीक असतात आणि एका केंद्रापासून चहूकडे फाकून गोंड्यासारखे गोलक बनवितात. पांढऱ्या वा किंचित गुलाबी स्टिल्बाइटच्या पार्श्वभूमीवर हे निळे गोलक बसलेले असले म्हणजे पाहणाऱ्यास ते कोणी रंगवून चिकटविले असावेत असा प्रथम संशय येतो. कठिनता मोसच्या श्रेणीत ३ ते ४, म्हणजे चाकूने सहज ओरखडा उठावा इतकीच; विशिष्ट गुरुत्व २.२ ते २.३, चमक काचेसारखी, कस फिकट निळा, आणि ठिसूळपणा एवढा की हाताळणीत निष्काळजीपणा झाल्यास सुया गळून पडाव्यात. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ११ टक्के व्हॅनेडियम व १६ टक्के पाणी असते. रत्न म्हणून कोंदणात बसविण्यास ते नालायक आहे. हा त्याचा दोष मानण्याचे कारण नाही. कोंदणात बसले असते तर त्याचे पैलू पाडून मूळ रूप केव्हाच नाहीसे झाले असते.

हा निळा रंग येतो कोठून? व्हॅनेडियम हे मूलद्रव्य ऑक्सिजनाशी निरनिराळ्या प्रमाणांत संयोग पावते आणि त्यानुसार त्याची संयुजा बदलते. सड्यावर, उघड्या हवेत, पावसाच्या पाण्यात त्याचे पूर्ण ऑक्सिडीभवन होऊन ते पाच संयुजेचे होते आणि लोह-ॲल्युमिनियमच्या मातीत मिसळून जाते. वाघोलीच्या दगडात दोन लाव्हाथरांमधील ज्वालामुखी राखेच्या व खडकतुकड्यांच्या पट्ट्यात, हवेपासून दूर, ते चार संयुजेवरच थांबले. या अवस्थेत त्याच्यापाशी एक सुटा इलेक्ट्रॉन शिल्लक असतो. तो प्रकाशातील तांबूस-नारिंगी भाग शोषून घेतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत उरलेला निळा तेवढा पोचतो. एका पायरीचा हा फरक! ती एक पायरी ओलांडली गेली असती, तर वाघोलीस हा निळा स्फटिक घडला नसता.

याच खाणींत कॅव्हान्साइटचे एक भावंडही सापडते. त्याचे नाव पेंटागोनाइट. त्याचे जुळे स्फटिक पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखे आडव्या छेदात दिसतात म्हणून हे नाव. दोहोंचे रासायनिक सूत्र तंतोतंत एकच, रंगही जवळजवळ एकच. मग दोन स्वतंत्र नावे कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. उत्तर असे की सिलिकाचे चतुष्फलक ज्या कड्यांनी एकमेकांत गुंफले जातात, त्या कड्या कॅव्हान्साइटमध्ये चारांच्या व आठांच्या, तर पेंटागोनाइटमध्ये सहांच्या असतात. खनिजशास्त्रात घटक आणि त्यांची मांडणी या दोहोंनी मिळून जात ठरते. घटक एक असले तरी मांडणी बदलली की जात बदलली. हिरा आणि ग्रॅफाइट यांचे उदाहरण शाळेच्या पुस्तकात असतेच.

वर्गीकरणाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, परंतु येथे त्याचा फक्त कणा सांगतो. जेम्स ड्वाइट डॅना याने १८३७ साली आपला खनिजग्रंथ काढला तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या धर्तीवर खनिजांनाही द्विपदी लॅटिन नावे देण्याचा त्याचा विचार होता. पुढे त्याने स्वतःच तो मार्ग सोडला आणि बर्झेलियसच्या रसायनाचा आधार घेतला. १९४१ साली हुगो स्ट्रुंट्स या जर्मन पंडिताने रसायनाला स्फटिकरचनेची जोड देऊन कोष्टके तयार केली, आणि १९५८ साली आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघ स्थापन झाल्यानंतर नव्या नावांना मान्यता देण्याचे कामही एका समितीकडे सोपविले गेले. स्ट्रुंट्सच्या पद्धतीत खनिज कोणत्या धातूचे आहे याला दुय्यम महत्त्व आहे; ऋण घटक कोणता, हे आधी विचारले जाते. म्हणूनच कॅव्हान्साइट व्हॅनेडियमच्या नावावर न चढता सिलिकेटांच्या खात्यात जाते. जमाबंदीत जमीन कसणाऱ्याच्या जातीपेक्षा जमिनीची प्रतवारी पाहून वर्ग ठरतो, तशातलाच हा प्रकार.

या कोष्टकाच्या सातव्या वर्गात सल्फेटे, सेलेनेटे, टेल्युरेटे, क्रोमेटे, मॉलिब्डेटे आणि टंगस्टेटे एकत्र नांदतात, आणि या वर्गातला महाराष्ट्राचा प्रतिनिधी म्हणजे नाशिकच्या परिसरातील पॉवेलाइट. हे कॅल्शियमचे मॉलिब्डेट. १८९१ साली आयडाहोमधील नमुन्यावरून मेल्व्हिलने त्याचे वर्णन केले आणि कोलोरॅडो नदीच्या घळईतून एका हाताने सफर करून आलेल्या जॉन वेस्ली पॉवेलचे नाव त्यास दिले. चतुष्कोणीय संहती, कठिनता ३.५ ते ४, विशिष्ट गुरुत्व सव्वाचारच्या घरात, म्हणजे हातात घेताच आकाराच्या मानाने जड भासणारे. आखूड लहरींच्या अतिनील प्रकाशात धरले की ते पिवळसर तेजाने उजळते. नाशिकचे नमुने, झिओलाइटांच्या सोबतीने बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले, जगातील अव्वल पॉवेलाइटांत गणले जातात.

गंधकाच्या खालोखाल आवर्तसारणीत सेलेनियम आणि त्याखाली टेल्युरियम येते. तेव्हा टेल्युरेटांना सल्फेटांच्या शेजारी जागा मिळाली हे वरवर पाहता न्याय्य वाटते. टेल्युरियमचा शोध १७८२ साली ट्रान्सिल्व्हेनियातील सोन्याच्या खनिजात म्युलर फॉन रायखेनस्टाइन याने लावला आणि १७९८ साली क्लाप्रोटने त्याचे नामकरण केले. सोन्याच्या शिरांतील टेल्युराइडांचे, म्हणजे धातू व टेल्युरियम यांच्या संयुगांचे, शुष्क हवेत ऑक्सिडीभवन होऊ लागले म्हणजे चार संयुजेची टेल्युराइटे व सहा संयुजेची टेल्युरेटे निर्माण होतात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, बेकर गावाजवळील ऑटो पर्वताच्या जुन्या खाणींत, २०१० पासून अशी अनेक नवी खनिजे उजेडात आली: शिसे व टेल्युरियमचे पिवळे ऑटोइट, आणि तांब्याच्या योगाने हिरवे झालेले टिमरोझाइट ही त्यांतली दोन. बहुतेकांचे कण भिंगाखालीच दिसावेत इतके लहान. विरळपणाच्या मानाने टेल्युरियमच्या खनिजांचे प्रकार मात्र विलक्षण बहुसंख्य आहेत. हे मूलद्रव्य इतरांच्या स्फटिकांत निमूटपणे सामावून जात नाही, स्वतःचे बिऱ्हाड निराळेच थाटते.

खरी अडचण येथूनच सुरू होते. गंधक किंवा मॉलिब्डेनम यांच्या अणूभोवती ऑक्सिजनाचे चार अणू चतुष्फलक रचून बसतात. सहा संयुजेचे टेल्युरियम देहाने मोठे. त्याच्या भोवती चार नव्हे तर सहा ऑक्सिजन जमतात आणि अष्टफलक होतो. म्हणजे ज्या वर्गात त्याची नोंद आहे त्या वर्गातील भाऊबंदांशी त्याची अंगकाठी जुळत नाही, तर ती ऑक्साइडांशी जुळते. उलट चार संयुजेची टेल्युराइटे याच कोष्टकात ऑक्साइडांच्या चौथ्या वर्गात टाकलेली आहेत! एकाच मूलद्रव्याचे दोन संसार दोन दप्तरांत, आणि त्यांपैकी एक तर रचनेच्या दृष्टीने परक्याच दप्तरात. २०१६ साली क्रिस्टी, मिल्स व कॅम्फ यांनी टेल्युरियमच्या ऑक्सिजनयुक्त संयुगांच्या रचनांचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात अष्टफलक व इतर बहुफलक एकमेकांस कसे जोडले जातात हाच मांडणीचा पाया धरला आहे. माझ्या मते हीच दिशा योग्य होय. आवर्तसारणीतील शेजार हा सोयीचा दाखला आहे, पुरावा नव्हे. पुरावा क्ष-किरणांनी दिसलेल्या मांडणीचा.

दख्खनच्या बेसाल्टात टेल्युरेट का नाही, याचे कारणही आता उघड आहे. येथे सोन्याच्या टेल्युराइड शिरा नाहीत; आणि ज्याचे मूळ धनच नाही त्याचे व्याज कोठून येणार? व्हॅनेडियमचे धन मात्र भरपूर आहे, आणि ते सड्यावर जांभ्यात जिरते की पोकळीत निळे होते, हे हवेच्या स्पर्शावर ठरते.

एक खंत नोंदविणे भाग आहे. आपल्याकडील खनिजांच्या नमुन्यांवर गावाचे नाव नीट असणे हा अपवाद आहे. जळगावचा स्फटिक असो की नगरचा, जुन्या परदेशी चिठ्ठ्यांवर बहुधा नुसते 'पूना' लिहिलेले आढळते. कारण माल पुण्याच्या व्यापाऱ्यामार्फत गेला. सिन्नरला गारगोटी नावाचे खनिजसंग्रहालय उभे आहे हे समाधानकारक. परंतु वाघोलीसारख्या ठिकाणी वस्ती खाणींच्या तोंडापर्यंत येऊन भिडली आहे, आणि जी पोकळी एकदा खडीच्या यंत्रात गेली तिचा साक्षीदार दगड पुन्हा मिळत नाही. ब्रह्मपुरीच्या वस्तू जतन करणाऱ्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जिल्ह्यातील बॉक्साइट, जांभा आणि बेसाल्टच्या पोकळ्यांतील खनिजे यांची एक पेटी, प्रत्येक नमुन्याच्या पूर्ण ठावठिकाण्यासह, ठेवणे फार खर्चाचे काम नाही. तेव्हा वाचकांना विनंती इतकीच की विहीर खणताना, घाटरस्ता कापताना किंवा खाणीत एखादी स्फटिकांची पोकळी दृष्टीस पडली, तर ती फोडण्यापूर्वी गाव, गट क्रमांक, खोली आणि दगडाचा थर यांची चिठ्ठी लिहून ती नमुन्यास बांधावी आणि भूविज्ञान शिकविणाऱ्या जवळच्या महाविद्यालयात तो नमुना पोचता करावा.