मेंदूच्या कर्करोगावरील संयुक्त उपचार आणि नॅनोकण

औषध गुणकारी असणे आणि ते इष्ट स्थळी पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी होत. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात हा भेद रुग्णाच्या आयुष्याशीच निगडित आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत केवळ किरणोपचार मिळालेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने, तर जोडीस टेमोझोलोमाइड हे औषध मिळालेल्यांचे १४.६ महिने भरले. लाभ निश्चित, परंतु अल्प.

याची कारणे मुख्यतः दोन. पहिले मेंदूच्या रचनेत आहे. रक्तात सोडलेला रंग इतर इंद्रियांत पसरतो, मेंदूत मात्र शिरत नाही, असे पॉल एर्लिख यांना १८८५ च्या सुमारास आढळले होते. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशी परस्परांशी इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की बहुतेक औषधांना त्यांमधून वाट मिळत नाही. टेमोझोलोमाइड हा अवरोध काही अंशी ओलांडते. पण तेथे दुसरे कारण उभे राहते. औषधाने डीएनएला केलेली इजा कर्कपेशी पुष्कळदा स्वतःच दुरुस्त करते.

म्हणून दुसऱ्या औषधाची जोड देण्याची कल्पना पुढे आली. तथापि सुटी दिलेली दोन औषधे शरीरात दोन निरनिराळ्या गतींनी पसरतात व निचरतात. योजलेले प्रमाण अर्बुदापाशी उरेलच असे नाही. दोहोंना एकाच वाहकात बसविणे हे नॅनोकणांचे खरे प्रयोजन होय.

२०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी याचे एक उदाहरण प्रसिद्ध केले. मेदद्रव्याच्या अतिसूक्ष्म पोकळ गोलकांत, म्हणजे लायपोसोममध्ये, त्यांनी टेमोझोलोमाइड आणि जनुकांच्या कार्यात व्यत्यय आणणारे जेक्यू-१ ही दोन द्रव्ये भरली. गोलकांच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिन हे लोहवाहक प्रथिन जोडले. मेंदूला लोह हवे असते. त्यामुळे केशवाहिन्यांच्या पेशींवर ट्रान्सफेरिनला धरून आत घेणारे ग्राहक असतात. त्याच द्वाराने औषधाने प्रवेश करावा, ही योजना. तितक्याच मात्रेत सुटी औषधे मिळालेल्या उंदरांपेक्षा या उंदरांत अर्बुद कमी वाढले, आयुष्य लांबले आणि उर्वरित शरीरावरील विषारी परिणामही घटले.

उंदरातील यशावरून मनुष्याविषयी अनुमान काढणे अर्थातच धाडसाचे ठरेल. असा संयुक्त वाहक ग्लायोब्लास्टोमाच्या प्रमाणभूत उपचारात अद्याप समाविष्ट झालेला नाही. मात्र या प्रयोगाने प्रश्नाची मांडणी स्पष्ट केली आहे : कोणती दोन औषधे द्यावीत, इतकेच ठरविणे पुरेसे नाही, ती एकत्र, योग्य प्रमाणात आणि एकाच पेशीपर्यंत कशी न्यावीत, हेही त्याच उपचाराचे अंग होय.