घाटंजीतून एमएसडब्ल्यू

बीए झालेल्या घाटंजीच्या मुलीपुढे समाजकार्यात पदव्युत्तर पदवीचे दोन रस्ते असतात. जवळचा रस्ता यवतमाळला, सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालयात जातो. लांबचा जातो 1936 साली सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (‘टिस’): मुंबईचे संकुल किंवा ग्रामीण विकासावर भर देणारे तुळजापूरचे. ‘टिस’चं नाव मोठं, खर्चही तसाच.

पण नावाआधी क्षेत्रकार्य कुठं मिळणार, हे विचारावं. दोन वर्षांच्या या पदवीत तेच खरं शिक्षण.

उदाहरणार्थ, घाटंजी तालुक्यात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम हा राज्यातला विशेष असुरक्षित आदिवासी समूह. पोडावरच्या एखाद्या कुटुंबाचा वनहक्क दावा भरायचा, तर 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा लागतो. वनखात्याची जुनी दंडपावती सापडली तर उत्तम. नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. मग वनहक्क समितीची स्थळपाहणी, ग्रामसभेचा ठराव. ही धावपळ एकदा केलेल्या विद्यार्थ्याला मुलाखतीत सांगायला काहीतरी असतं.

नोकऱ्या? ग्रामीण उपजीविकेचं ‘उमेद’ अभियान, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, एचआयव्ही समुपदेशन केंद्र, शेतकरी कुटुंबांसाठीचा ‘प्रेरणा’ प्रकल्प, शिवाय स्वयंसेवी संस्था. बहुतेक जागा कंत्राटी, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. कामगार कल्याण अधिकारी व्हायचं असेल, तर मात्र पुणे-नागपूरकडची औद्योगिक वसाहत गाठावी लागते आणि विशेषीकरणही त्याच बेतानं निवडावं लागतं.