छप्पन्न गुंठ्यांत दोन देश

भारत-बांगलादेश सीमा किती लांब? 4,096 किलोमीटर! मुंबईहून पुण्याला जा आणि परत या, अशा तेरा फेऱ्या मारल्या तरी ती संपत नाही. चौदाव्यांदा निघावंच लागतं. पाकिस्तानची सीमा 3,323 किलोमीटर, म्हणजे ही तिच्याहून पावणेआठशेने मोठी. या बांगलादेश सीमेवर तीन हजार किलोमीटरहून जास्त कुंपण, वर दिवे, गस्त.

आता एवढ्या पसाऱ्यातली फट बघा. जुलै 2011मध्ये मेघालयात कलाईचरला ऐन सीमेवर आठवडी बाजार सुरू झाला: सीमा हाट. मैदान 75 मीटर बाय 75 मीटर. आपल्या हिशेबात जेमतेम 56 गुंठे! एक फाटक भारताकडे, दुसरं बांगलादेशाकडे. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला ओळखपत्रावर प्रवेश. पासपोर्ट नको, व्हिसा नको. इकडची सुपारी, आलं, भाजी. तिकडचे सुके मासे, लुंग्या, प्लास्टिकच्या बादल्या. रुपये द्या नाहीतर टका, दोन्ही चालतात. खरेदीला येऊन पलीकडे दिलेली बहीण भेटते, मामा भेटतो. माझ्या मते त्या मैदानाचं खरं मोल तिथेच आहे.

पाच किलोमीटर थोडे वाटतात? हाट मध्यावर धरून वर्तुळ काढा: 78 चौरस किलोमीटर! कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतची अख्खी मुंबई त्यात मावते आणि वर जागा उरते. एवढ्या मुलखाची दोन देशांतली माणसं 56 गुंठ्यांत येऊन घासाघीस करणार!

आणि सीमेचे 75-75 मीटरचे तुकडे पाडले तर? 54,613! मेघालयात कलाईचर आणि बालाट, त्रिपुरात श्रीनगर आणि कमलासागर, असे 2015पर्यंत हाट झाले चार. चारही शेजारीशेजारी मांडले तरी लांबी 300 मीटर, पंधरा डब्यांच्या लोकलहूनही कमी.

पैशांचं गणित तर अजून भारी. माणशी दिवसाच्या खरेदीची मर्यादा आधी 50 डॉलर, मग 100, मग 200 झाली. दोनशे डॉलर म्हणजे सतरा हजार रुपये धरू. समजा, पाचशे जणांनी पुरेपूर खरेदी केली: एका दिवसात 85 लाख! आठवड्याला एक बाजार, वर्षाचे 52: चव्वेचाळीस कोटी! चार हाटांचे पावणेदोनशे कोटींच्या वर! आणि या सगळ्यावर सीमाशुल्क किती? शून्य रुपये!